रकान्यात जागा नव्हती

१५ एप्रिल हा माझा जन्मदिवस आहे, आणि यंदा त्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या प्रवेशद्वारापाशी लावलेल्या फळ्यावर, 'आजचा दिनविशेष' या ठसठशीत शीर्षकाखाली, 'मृत्यू' असे लिहिलेल्या रकान्यात, अब्राहम लिंकन आणि फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांच्या खालोखाल माझे नाव होते. अक्षर सुंदर होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. नावाचे शुद्धलेखनही अचूक होते, जे माझ्या वेतनपत्रकावर आजवर कधी साधलेले नाही. ज्यांना हा प्रकार हसण्यासारखा वाटला त्यांची नावे मी लक्षात ठेवली आहेत, आणि ज्यांना तो हसण्यासारखा न वाटता खरा वाटला त्यांची तर अधिकच.

हा फळा आवक-जावक विभागातले एक ज्येष्ठ लिपिक लिहितात. त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांजवळ एक जाडजूड वही आहे, तिला वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक पान आहे, आणि २९ फेब्रुवारीचे पान चार वर्षांतून एकदाच उघडले जात असल्यामुळे ते अजून पांढरेशुभ्र आहे याचा नानांना विशेष अभिमान आहे. जन्म, मृत्यू, घटना आणि विशेष दिन असे फळ्याचे चार रकाने पाडलेले असतात. नानांना सन पाठ आहेत. सनांच्या पलीकडचे काही विचारले तर ते आपल्याकडे असे पाहतात, की जणू आपण एखाद्या सभ्य गृहस्थाच्या घरगुती भानगडींची चौकशी करीत आहोत. ऑयलर कोण होते असे मी त्यांना एकदा विचारले होते. "१७०७," नाना म्हणाले होते, आणि विषय संपला होता.

त्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी गेलो तेव्हा ते जावक नोंदवहीत एका पाकिटाची नोंद करीत होते, आणि ती पूर्ण होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"नाना, माझे नाव मृत्यूच्या रकान्यात आहे."

"आहे ना," नाना म्हणाले. "जन्माच्या रकान्यात जागा नव्हती."

मी फळ्यापाशी परत जाऊन पाहिले. जागा खरोखरच नव्हती. जन्माच्या रकान्यात सर्वांत वर लिओनार्दो दा विंची होते आणि त्यांच्यापुढे चित्रकार, शिल्पकार, अभियंता, वास्तुशास्त्रज्ञ, शरीरशास्त्रज्ञ, संगीतकार असे लिहिता लिहिता अर्धा रकाना संपलेला होता. त्यांच्याखाली गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर आणि त्यांच्याखाली कवी सुरेश भट. ऑयलर आणि भट यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेल्यानंतरही जो मनुष्य दुसऱ्याला सांगून सांगून गणिते लिहवून घेत राहिला, त्याला एक ओळ मिळणे हा अन्यायच झाला तर त्याच्यावर झाला. आणि मराठी गझल ज्यांच्यामुळे घरोघरी पोहोचली त्या भटांना पुसण्याचा विचार माझ्याने होणार नाही. परंतु एकाच माणसाने इतके उद्योग करू नयेत, असे माझे त्या दिवसापासूनचे ठाम मत आहे.

"नाना, त्यातले 'संगीतकार' तरी काढा. तेवढ्या जागेत माझे नाव बसेल."

"त्यांचा एक उद्योग कमी करण्याचा मला काय अधिकार?" नाना म्हणाले.

"आणि मला मारण्याचा आहे?"

"मी कुठे मारले? तुमच्या नावामागे 'कै.' लावले आहे का, बघा. लिंकन यांच्यामागे लावले आहे, सार्त्र यांच्यामागे लावले आहे. तुमच्यामागे मुद्दाम 'श्री.' ठेवले आहे. वाचणाऱ्याला कळायला हवे."

मी पुन्हा पाहिले. 'श्री.' होते. त्या एका अक्षराच्या आधाराने मी लिंकन आणि सार्त्र यांच्या पंगतीत जिवंत बसलेला होतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येक वाचक थांबून इतका बारकाईने विचार करील अशी नानांची अपेक्षा होती. या कार्यालयात माणसे परिपत्रकाची पहिली ओळ वाचून सही करतात. त्या दिवशी दुपारपर्यंत तिघांनी मला पाहून दचकून दाखवले आणि एकाने, जो माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर बरीच वर्षे डोळा ठेवून आहे, दचकण्याऐवजी किंचित निराशा दाखवली. ही निराशा मी विसरणार नाही.

मग मी अभ्यासाचा आधार घ्यायचे ठरवले. लिओनार्दो यांच्या जन्माची नोंद त्यांच्या आजोबांनी, आन्तोनियो यांनी, एका जुन्या वहीत करून ठेवली आहे: १४५२, एप्रिलची १५ तारीख, शनिवार, रात्रीचा तिसरा तास. नातवाच्या जन्माची इतकी नेमकी नोंद करणाऱ्या आजोबांविषयी मला आदर आहे. परंतु ही तारीख युरोपातल्या जुन्या, ज्युलियन दिनगणनेतली आहे. त्या गणनेत वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे, म्हणजे ३६५ दिवस आणि ६ तासांचे धरलेले होते, आणि ते खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. अकरा मिनिटे हे काही मोठे प्रकरण नव्हे, आमच्याकडे तेवढ्या उशिराची नोंदही होत नाही. पण शतकानुशतके रोज न मोजता दर वर्षी अकरा मिनिटे साठवत गेले म्हणजे दिवसच्या दिवस निसटतात, आणि सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, दहा दिवस अलीकडे सरकला होता. पंधराव्या शतकात हा फरक नऊ दिवसांचा होता. म्हणजे आज आपण ज्या दिनदर्शिकेने जगतो, वेतन घेतो आणि फळा लिहितो, तिच्या हिशेबाने लिओनार्दो यांचा जन्म २४ एप्रिल १४५२ चा ठरतो.

हे सर्व मी नानांना, त्यांचे पाकिटांचे काम थांबवून, समजावून सांगितले आणि शेवटी म्हणालो, "तेव्हा त्यांना चोवीस तारखेला हलवा. तिथे त्यांचे सगळे उद्योग सविस्तर लिहा. माझी हरकत नाही."

नानांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे," ते म्हणाले, "स्वतःला जागा मिळावी म्हणून तुम्ही लिओनार्दो दा विंची यांची जन्मतारीख बदलायला निघालात?"

"मी बदलत नाही. पोप तेरावे ग्रेगरी यांनी बदलली."

"त्यांनी लिओनार्दोंची बदलली?"

"सगळ्यांचीच बदलली."

येथून पुढे आमच्या संभाषणाला जे वळण लागले, त्याला मी तयार नव्हतो. मी त्यांना सांगितले, की पोप ग्रेगरी यांनी ही साठलेली चूक दुरुस्त केली तेव्हा, १५८२ साली, ४ ऑक्टोबरचा गुरुवार संपला आणि दुसऱ्या दिवशी, वारांचा क्रम न मोडता, १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. इटलीचा बहुतेक भाग, स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंड या प्रदेशांत ५ ते १४ ऑक्टोबर हे दहा दिवस त्या वर्षी आलेच नाहीत. इंग्लंडने हा बदल तब्बल १७० वर्षांनी, १७५२ साली, स्वीकारला, आणि तोवर फरक वाढल्यामुळे त्यांना २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आणावा लागला. रशियाने १९१८ साली ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी आणला, आणि म्हणूनच त्यांच्या ऑक्टोबर क्रांतीचा वर्धापनदिन नोव्हेंबरात येत असे.

नाना एकाग्रपणे ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली कणव दिसू लागली होती.

"म्हणजे त्या दहा दिवसांत कोणीच जन्मले नाही?"

"त्या देशांत नाही."

"कोणी गेलेही नाही?"

"कसे जाणार? दिवसच नव्हते."

"आणि घटना?"

"एकही नाही."

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "फळा लिहिणाऱ्याने काय केले असेल हो त्या दहा दिवसांत?"

त्यांचे मन रमवावे म्हणून मी त्यांना संत तेरेसा यांची हकिगत सांगितली. स्पेनमधील आविला येथील ही साध्वी नेमकी त्या गुरुवारच्या रात्री वारली, म्हणजे ४ ऑक्टोबर आणि १५ ऑक्टोबर यांच्या मधल्या रात्री, आणि तिचा स्मरणदिन आजही १५ ऑक्टोबरला पाळला जातो. एका रात्रीत अकरा तारखा ओलांडून गेलेली दुसरी व्यक्ती माझ्या माहितीत नाही. नानांनी तात्काळ वही उघडली, १५ ऑक्टोबरचे पान काढले, आणि मृत्यूच्या रकान्यात तिची सुबक नोंद केली. "इथे जागा आहे," ते समाधानाने म्हणाले. सोळाव्या शतकातल्या, समुद्रापलीकडच्या, त्यांनी पाच मिनिटांपूर्वी प्रथमच ऐकलेल्या स्त्रीला त्यांनी योग्य रकान्यात बसवले, आणि ज्याच्याकडून पाकिटांवरचे तिकीट ते गेली कित्येक वर्षे घेतात तो मी मात्र समोर तसाच उभा होतो.

वास्तविक लिओनार्दो यांनी त्या फळ्यावर दोन जागा अडवल्या होत्या. चौथ्या रकान्यात 'जागतिक कला दिन' होता, आणि युनेस्कोने २०१९ साली घोषित केलेला हा दिवस १५ एप्रिलला येतो तोच मुळी लिओनार्दो यांच्या जन्मदिवसावरून. एका माणसाला जन्माच्या रकान्यात अर्धी जागा, विशेष दिनाच्या रकान्यात पूर्ण जागा, आणि तीही जी तारीख आजच्या हिशेबाने त्याची नव्हेच तिच्यावर, हे मी बोलून दाखवले तेव्हा नाना म्हणाले, "मोठ्या माणसांचे असे असते." मोठ्या माणसांचे कसे असते, हे लहान माणसांना समजावून सांगण्याचा अधिकार या देशात आवक-जावक विभागाकडे कधी गेला, हे मला ठाऊक नाही.

"बरे, जन्मात जागा नाही, तर घटनांच्या रकान्यात लिहा," मी म्हणालो. तिथे खालच्या बाजूला चांगली दोन बोटे जागा शिल्लक होती. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला, १९१२ साली टायटॅनिक बुडाली, १९४८ साली सुमारे तीस पहाडी संस्थाने एकत्र येऊन हिमाचल प्रदेश अस्तित्वात आला, २०१९ साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली, आणि त्यानंतर मोकळा फळा.

नानांचा चेहरा अवघडला. एखाद्याला त्याची पदोन्नती नाकारल्याचे सांगताना अधिकाऱ्यांचा होतो तसा.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण घटना म्हणजे कशी, जिच्यामुळे पुढे काहीतरी झाले ती. तुमचा जन्म ही तशी घटना आहे का, हे तुम्हीच प्रामाणिकपणे सांगा."

सकाळची वेळ होती, आजूबाजूला माणसे होती, आणि या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी बांधील नव्हतो. तरीही मी दिले. मी म्हणालो, की अमुक एक गोष्ट घटना आहे की नाही हे त्या दिवशी कोणालाच कळत नसते. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसमध्ये बास्तीय किल्ला पडला. आत फक्त सात कैदी होते. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने त्या दिवशी आपल्या रोजनिशीत एकच शब्द लिहिला: काही नाही. ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती आणि त्या दिवशी शिकार झाली नव्हती, हे खरे. पण ज्या दिवसावरून पुढे त्याचे सिंहासन गेले आणि डोकेही गेले, त्या दिवसाचा त्याच्या लेखी दिनविशेष 'काही नाही' असा होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी जॉन अॅडम्स यांचे तर याच्या उलट झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ रोजी संमत झाला, तेव्हा त्यांनी पत्नीला लिहिले, की यापुढे २ जुलै हा दिवस पिढ्यानपिढ्या मोठ्या उत्साहाने साजरा होईल. उत्साह त्यांनी बरोबर ओळखला. तारीख मात्र दोन दिवसांनी चुकली, कारण जाहीरनाम्याचा मसुदा ४ जुलैला स्वीकारला गेला आणि लोकांनी तीच तारीख उचलली. ज्याने स्वतः ठरावाच्या बाजूने भाषणे केली त्यालासुद्धा घटनेचा दिवस ओळखता आला नाही, तर माझ्या जन्माविषयी नानांनी इतक्या घाईने निकाल देऊ नये.

"अॅडम्स गेले कधी?" नानांनी विचारले.

"४ जुलै १८२६. त्याच दिवशी जाहीरनामा लिहिणारे जेफर्सनही गेले. जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी."

"दोघेही त्याच दिवशी?" नानांचे डोळे चमकले. "याला म्हणतात शिस्त." मग माझ्याकडे वळून, अतिशय मायेने, "तुमचेही पुढे काही झाले की आपण घटनेत घेऊ. मी स्वतः घेईन."

या ठिकाणी मी आवाज चढवला. तो चढवायला नको होता असे काही जणांचे म्हणणे आहे, परंतु ज्यांची नावे त्या फळ्यावर नव्हती त्यांनी मला संयम शिकवू नये. आवाज ऐकून लेखा विभागातील एक बाई बाहेर आल्या. त्यांनी फळा वाचला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा फळा वाचला आणि नानांना म्हणाल्या, "नाना, किमान कंसात तरी लिहा." नानांना हे पटले. त्यांनी खडू घेतला आणि माझ्या नावापुढे कंसात 'जन्म' असे लिहिले. आता मृत्यूच्या रकान्यात, लिंकन आणि सार्त्र यांच्याखाली, माझे नाव आणि त्यापुढे 'जन्म' असा मजकूर झाला, आणि तो वाचून आस्थापना विभागातल्या एका गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारले, की मी आज जन्मलो आणि आजच गेलो की काय. त्यांनी हा प्रश्न मलाच विचारला, यावर मी अधिक काही लिहीत नाही.

नाना शेवटी तडजोडीला आले. "असे करू या का," ते म्हणाले, "तुम्हाला उद्या घेऊ. १६ एप्रिलला."

"माझा जन्म सोळाला झालेला नाही."

"तुम्हीच तर आत्ता म्हणालात, तारखा इकडच्या तिकडे होतात."

त्यांनी वहीचे पान उलटून दाखवले. १६ एप्रिलला जन्माच्या रकान्यात विमानवाल्या राइट बंधूंपैकी थोरले विल्बर होते, १८६७. आणि चार्ली चॅप्लिन होते, १८८९. घटनांमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी होती, १८५३. मृत्यूच्या रकान्यात मला खिळवून ठेवणारे हे गृहस्थ एका दिवसाच्या अंतरावर विमान, रेल्वे आणि चॅप्लिन यांच्या संगतीत मला बसवायला तयार होते, आणि क्षणभर मला मोह झाला, हे मी लपवत नाही. पण जन्मदाखला आडवा आला. नाही म्हणालो, तेव्हा नाना उदारपणे म्हणाले, "मग पुढच्या वर्षी आठवडाभर आधी आठवण करा. जागा राखून ठेवतो. रकाना मात्र तेव्हाचे तेव्हा पाहू."

दुपारी बाराला फळा पुसला गेला, कारण बारानंतर त्यावर सूचना लिहितात. नानांशी माझे बोलणे पुन्हा सुरू झाले आहे, निदान पाकिटांपुरते. राग उरला आहे तो तारखेवर.

कारण नीट पाहिले तर १५ एप्रिलचे बहुतेक अपघात मुळात चौदा तारखेचे आहेत. लिंकन यांच्यावर वॉशिंग्टनमधल्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने गोळी झाडली ती १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, दहाच्या सुमारास, रंगमंचावर विनोदी नाटक चालू असताना. त्यांना उचलून रस्त्यापलीकडच्या एका घरात नेले, आणि उंचीमुळे ते त्या पलंगावर मावेनात म्हणून तिरपे निजवले. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ते गेले. अपराध चौदाचा, नोंद पंधराची. टायटॅनिक हिमनगाला धडकली ती जहाजाच्या घड्याळाने १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी, आणि बुडाली पंधराच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी. पुन्हा तेच: धडकण्याचे चौदाने केले आणि बुडण्याचे पंधराच्या माथी आले. ग्रिनिचच्या घड्याळाने त्या वेळी मध्यरात्र उलटून गेलेली होती, म्हणजे तिथल्या हिशेबाने धडकसुद्धा पंधरालाच झाली. ही माहिती मी फळ्यापाशी अर्थातच काढली नाही. चौदाला स्वतःचे काही कमी नाही. त्या तारखेला बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म आहे, १८९१. एवढ्या एका नोंदीवर कोणतीही तारीख जन्मभर ताठ मानेने मिरवू शकते. तिने आपले राहिलेले हिशेब माझ्या तारखेवर का ढकलावेत?

आणि ढकलले तर ढकलले, पण वाचणाऱ्यांनी त्यांचे काय करायचे? मी फळ्यापाशी उभा होतो तेवढ्या वेळात अनेक जणांनी त्या ओळी वाचल्या. "अरे वा, टायटॅनिक आजचीच का!" असे एक जण म्हणाला, आणि त्याच्या सुरात एखाद्या पाहुण्याचे स्वागत होते. त्या जहाजावर सुमारे २२०० माणसे होती आणि बचावनौका होत्या २०. त्या काठोकाठ भरल्या असत्या तरी ११७८ माणसे मावली असती. त्या काठोकाठ भरल्या नाहीत. पहिली नौका खाली सोडली तेव्हा ६५ जणांच्या जागी तीसदेखील बसलेले नव्हते, कारण एवढे मोठे जहाज बुडेल यावर तोवर कोणाचा विश्वास नव्हता. सुमारे १५०० माणसे गेली. नियमाने जितक्या नौका लागत होत्या त्याहून त्या जहाजावर अधिक होत्या, कारण नियम कित्येक वर्षे जुना होता आणि जहाजे मधल्या काळात मोठी झाली होती. म्हणजे दिनविशेष लिहायचाच असेल तर तो एप्रिलच्या पंधराचा नव्हे. कोणत्यातरी कार्यालयात तो जुना नियम बदलण्याचा कागद टेबलावर पडून राहिला, त्या सगळ्या दिवसांचा लिहायला हवा. पण पडून राहिलेल्या कागदाला तारीख नसते. निदान आमच्याकडे तरी नसते, आणि आवक-जावक विभागाला हे मी सांगायला नको.

त्याच १५ एप्रिलला १९८९ साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना पाहायला आलेली माणसे चेंगरली. मृतांची संख्या आज ९७ मानली जाते, आणि दोष गर्दीचा नव्हता, हे न्यायचौकशीत ठरायला २०१६ साल उजाडावे लागले. हे नानांच्या वहीत नाही. ते असावे असा माझा आग्रह नाही, कारण ते आले तर घटनांच्या रकान्यातली ती दोन बोटे जागाही जाईल आणि मग पुढच्या वर्षी मला कुठे घालायचे हा प्रश्न नानांपुढे पुन्हा उभा राहील. पण ज्या मोजपट्टीने एका शब्दकोशाला, एका राज्याला आणि पंधराशे बुडालेल्या माणसांना सारखीच एकेक ओळ मिळते, तिच्यावर 'विशेष' हे नाव लिहिलेले पाहून चीड येते, एवढेच.

मला सर्वांत जास्त खुपते ते वेगळेच. या सगळ्या प्रकरणांचे पुढे काही बरे झाले, तर ते कधीही पंधरा एप्रिलला झालेले नाही. गुलामगिरी संपवणाऱ्या ज्या तेराव्या घटनादुरुस्तीसाठी लिंकन झटले, ती राज्यांच्या मान्यतेने पक्की झाल्याची तारीख ६ डिसेंबर १८६५. टायटॅनिक समुद्राच्या तळाशी सापडली ती १९८५ साली, १ सप्टेंबरला. नोत्र दामचा मनोरा पंधरा एप्रिलच्या संध्याकाळी साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत कोसळला, आणि साडेपाच वर्षे खपून ते चर्च जेव्हा पुन्हा उघडले, तेव्हा त्याचा सोहळा झाला ७ डिसेंबर २०२४ ला. जळायला एप्रिल आणि उजळायला डिसेंबर. डिसेंबरात जन्मलेल्या लेखा विभागातल्या त्या बाईंपाशी मी हे बोललो, तेव्हा त्या म्हणाल्या की ७ डिसेंबरला पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावरचा हल्लाही आहे. आहे, १९४१ चा. पण त्या वेळी हल्ला करणाऱ्या जपानच्या घड्याळात ८ डिसेंबर उजाडलेला होता, म्हणजे सोयीचे पडेल ते घड्याळ लावून डिसेंबरवाल्यांना तिथेही एक दिवसाची सूट मिळतेच.